नव्याण्णवांजवळ कोण होतं

रानशेतच्या पाड्यावरची जानी दोन वर्षांपासून दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जात होती. मागे बसायची, टाळ्या वाजवायची, कुणाशी फारसं बोलायची नाही. त्या रविवारी तलासरीहून येणाऱ्या पास्टर विनोदने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक चुकलं, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्याच्या मागे गेला आणि त्याला खांद्यावर घालून घेऊन आला. देव आपल्याला असाच शोधत येतो, असं तो म्हणाला. बायका डोळे पुसत होत्या. जानी मात्र उठून उभी राहिली.

"त्या नव्याण्णवांजवळ कोण होतं?" तिने विचारलं.

विनोदने पान उलटून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नाही, असं म्हणाला. जानी चपला घालून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोटारसायकल घेऊन माळावर आला. जानी शेळ्या चारत होती. तिने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. ती अकरा वर्षांची असताना याच माळावर एक पाठ, अजून न व्यायलेली शेळी, चुकली होती. गवत पुरुषभर वाढलेलं. धाकटी बहीण रूपी सहा वर्षांची. जानीने तिला या मोहाच्या झाडाखाली बसवलं, शेळ्यांकडे बघ म्हणाली, मी हाक मारेपर्यंत हलू नको म्हणाली, आणि ओहोळाकडे धावली. पाठ सापडली. तिला खांद्यावर टाकून परत आली, तर शेळ्या होत्या तशाच चरत होत्या आणि मोहाखाली कुणी नव्हतं. पाडा चार दिवस शोधत होता. भगताने कौल लावायला दाणे टाकले, रानाने नेली म्हणाला.

"तवापासून चुकलेल्या शेळीमागं मी कधी गेले नाय," जानी म्हणाली. "आणि दुपारी ओहोळातून ती विचारते, ताई, येऊ का? रानातल्या हाकेला ओ देऊ नये, आईनं बजावलेलं."

तेवढ्यात चरणाऱ्या शेळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि सगळ्या ओहोळाच्या दिशेने बघू लागल्या. विनोदला काही ऐकू आलं नव्हतं. जानीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"तुम्ही जा, मावशी," तो हळूच म्हणाला. "मी यांच्याजवळ थांबतो."

जानीने त्याच्याकडे पाहिलं. मग काठी त्याच्या हातात दिली आणि चालू लागली. चाळीस वर्षांत ती त्या उतारावर उतरली नव्हती. खाली कोरडे दगड, करवंदीची जाळी, अन् कसलाच आवाज नाही. ती एका दगडावर बसली. आईने बजावलं होतं, तरी तिने तोंड उघडलं.

"ये, रूपे. ये आता."

पान हललं नाही. जानी उठून वर निघाली.

वर विनोद उन्हात उभा होता. एकही शेळी त्याने इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. उतारावरून जानी येताना दिसली. फार हळू चालत होती, दर दोन पावलांनी थांबत, जणू कुणी लहान पावलांनी मागून येत असावं. डावा हात शरीरापासून जरा दूर, बोटं अर्धवट मिटलेली. विनोद तिच्या त्या हाताकडे बघत राहिला. शेळ्या बाजूला सरकल्या, मध्ये वाट झाली. त्याने काठी परत दिली आणि दोघं पाड्याकडे निघाले.

त्यानंतर ओहोळातून हाक आली नाही. रविवारी जानी अजून मागेच बसते. शेजारी वीतभर जागा मोकळी ठेवते. एकदा सुनेने, बायजीने, तिथे सरकायला पाहिलं, तर जानीने तिला हाताने अडवलं आणि पलीकडे बसायला सांगितलं.