पक्ष्याचं हरवलेलं डोकं

ऐका ना मित्रांनो, आधी नुसतं ऐका, शंका सगळ्या शेवटी. मी एक जुना तुकडा आहे. पझलचा. पुठ्ठ्याचा, दोन बोटांत मावेल एवढा, एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला खाच. कारखान्यात एका मोठ्या चित्रावर पोलादी साचा धप्पकन पडला आणि एका झटक्यात आम्ही हजार भावंडं झालो. चित्र होतं बंदराचं. खाली होड्या, दोरखंड, पिंपं, आणि वर ढीगभर आभाळ. आभाळातल्या भावंडांना कुणी हिंग लावून विचारत नाही, सगळी मेली निळीच. पण माझ्यावर पांढऱ्या पक्ष्याचं डोकं होतं, चोचीसकट, डोळ्यासकट. त्यामुळे मी जरा शिष्टच होतो, खोटं कशाला बोलू.

एका घरी कुणाच्या तरी वाढदिवसाला आम्ही भेट म्हणून गेलो आणि कपाटावर धूळ खात पडलो. खोकं कुणी उघडलंच नाही. तुकड्याची सगळी हौस एकच असते, आपल्या जागी घट्ट बसायची, आणि आम्ही नुसते एकमेकांच्या अंगावर पडून होतो.

मग शहरात साथ आली. गल्ली दोन्ही टोकांना बंद झाली आणि घरातली पाच माणसं घरातच अडकली. पप्पा, आई, थोरली, धाकटी टिकली आणि पप्पांचे वडील, म्हणजे आजोबा. पहिल्या आठवड्यातच त्यांनी एकमेकांना नको नको केलं. पप्पा दुकानात फरश्या विकायचे, दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, आता ते सगळं साठलेलं कडू घरच्यांवर निघायला लागलं. मुली एका चार्जरवरून झिंज्या उपटायच्या. एकदा भाजीची वाटी भिंतीवर गेली. त्या दिवशी आईने ओघळ पुसले, हात धुतले, स्टूल घेतलं आणि आम्हाला खाली काढलं.

आणि काय सांगू, जादू झाली. जेवायच्या टेबलावर सगळे वाकून बसले. पप्पा कडा शोधायचे, मुली होड्या लावायच्या, आणि आजोबा आभाळ. आजोबा पूर्वी छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे, आणि छपाई झाली की प्रत्येक खिळा परत त्याच्या खणात टाकायचे. आम्हा आभाळातल्यांना ते डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायचे. घरात हसू ऐकू यायला लागलं. थोरलीने टिकलीची वेणी घातली, विचार करा.

पण पझल संपत आलं. हे फक्त आईच्या लक्षात आलं. संपल्यावर काय? पुन्हा वाटी, पुन्हा भिंत? एका दुपारी सगळे आडवे झाले असताना तिने मला उचललं आणि सुईदोऱ्याच्या डब्यात, बटणांच्या खाली, दडवून ठेवलं. दोन दिवसांपुरतं, असं पुटपुटली. मी ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी सगळं बसलं, मी सोडून. पक्ष्याला पंख, पाय, शेपूट, आणि डोक्याच्या जागी भोक. मग शोधाशोध. सोफा उलटा, गाद्या उभ्या, पप्पा टॉर्च घेऊन पोटावर. सगळे खूश होते. मी डब्यात बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, वा, माझ्याशिवाय यांचं अडतंय.

दोन दिवसांत शोध संपला. मग कुणीतरी म्हणालं, आजोबांनीच नेला असेल. म्हटलं तर नुसती गंमत. आजोबांनी मागे एकदा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता, एकदा नळ चालू ठेवला होता. सगळे खो खो हसले. आजोबाही हसले. इतकं एकत्र ते घर कधीच हसलं नव्हतं, आणि तिथेच घात झाला.

रोज संध्याकाळी आजोबांचा खटला सुरू झाला. टिकली टॉवेल डोक्यावर घेऊन न्यायाधीश, पप्पा वकील, थोरली शिपाई. आजोबांना स्टुलावर उभं करायचे आणि खिसे उलटे करायला लावायचे.

"आरोपी, तुकडा खाल्ला की विकला?"

"खाल्ला असेल बाई," आजोबा म्हणायचे. "चव मात्र आठवत नाही."

मग एके दिवशी ते हसले नाहीत. मग त्यांना सदरा झटकायला लावला, मग मोजे काढायला लावले, मग दात. टिकलीने कवळी चमच्याने उचलून सगळ्यांना दाखवली. पप्पांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हात पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

वाट्या आता भिंतीवर जात नव्हत्या. भांडण नाही, आदळआपट नाही. सगळ्यांचा राग एकाच माणसावर खपायला लागला आणि बाकीचे चौघे गुण्यागोविंदाने राहायला लागले.

आजोबा आता कुणी न सांगता स्वतःच खिसे चाचपायचे. उशीच्या अभ्र्यात हात घालायचे. आणि पप्पांनी गॅलरीतून कुठल्या तरी वृद्धाश्रमात फोन केला. म्हणाले, गल्ली उघडली की बघू, हल्ली फार विसरतात, वस्तू लपवतात. दार उघडंच होतं. आजोबांनी ऐकलं.

त्या दिवशी ते आईकडे आले. आई ओट्यापाशी भांडी घासत होती.

"सूनबाई, मी खरंच नेला असेन का गं?"

"काय माहीत, बाबा," आई म्हणाली, आणि नळ मोठा केला.

तिने नंतर डबा उघडला, बरं का. मला पाहिलं. मला वाटलं आता निघालो. बाहेर मुली आणि पप्पा पत्ते खेळत हसत होते. तिने झाकण लावलं. पुढेही एकदा उघडला. परत लावला.

गल्ली उघडणार अशी बातमी आली. आजोबांच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, कुणाला सांगावं असं त्यांना आता वाटत नसावं. स्वतःच सुई शोधायला ते डब्याकडे आले. बोटं बटणांत फिरली आणि मला लागली. त्यांनी न बघताच ओळखलं, मित्रांनो. मला मुठीत घेऊन ते म्हातारे पाय आपटत बाहेर धावले.

"सापडला. सुईदोऱ्याच्या डब्यात होता. मी नेला नव्हता."

सगळे त्यांच्या मुठीकडे बघत राहिले. पप्पांनी मुलींकडे पाहिलं, हळूच मान हलवली.

"बाबा, तुमच्याच हातात आहे तो."

"डब्यात होता म्हटलं ना. सूनबाई, डबा तुझा असतो. तू सांग यांना."

आता ऐका. आईचं तोंड उघडलं. तिने पप्पांकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, भाजीच्या वाटीने भिंतीवर सोडलेल्या त्या पिवळ्या डागाकडे पाहिलं.

"राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "मिळाला ना आता. वयाने होतं असं."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. सगळं कळलं, मी मुठीत होतो, मला बोटांतून समजलं. आणि त्यांनी एकदाच मान हलवली.

"हो. मीच ठेवला असेन."

टिकलीने टाळ्या वाजवल्या. शेवटचा तुकडा आरोपीनेच लावायचा, असा निकाल तिने दिला. आजोबांनी मला भोकावर धरलं आणि अंगठ्याने दाबलं. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण मी बसलो. खट्ट. चारी बाजूंनी भावंडं, पक्ष्याला डोकं, जन्मभर ज्याची वाट पाहिली ते सुख, सगळं एकदम. पप्पांनी फोटो काढला, मग त्याच फोनवरून वृद्धाश्रमात कळवलं की सोमवारी घेऊन येतो.

सोमवारी गाडी आली. आजोबांनी सदऱ्याचं बटण लावलेलं होतं, जरा वाकडं. आई दारापर्यंत गेली, पिशवी हातात दिली, वाकून नमस्कार केला. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खाली वाकलेलीच राहिली, गाडी सुरू होईपर्यंत.

लोक सांगतात, वस्तू जपून ठेवा, तुकडे हरवू नका. मी तेच सांगायला आलो होतो खरं तर. पण मी हरवलो कुठे होतो? मला तोंड नाही, म्हणून मी गप्प. आईला होतं. घर कधी नव्हे ते शांत, मुली हसतायत, नवरा हसतोय, आणि एक म्हातारा तुमच्या तोंडाकडे बघतोय. खरं सांगा, तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?