इंजिनावरचं पातेलं

मित्रांनो, मोटारीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या डोक्यावर एक लांबट, उपडं झाकण दिसतं ना, तो मी. गॅरेजवाले मला टॅपेट कव्हर म्हणतात. वयानं मी जुना आहे, चांगलाच जुना. माझं काम साधं. खाली उडणारं तेल बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही. पण बॉनेट उघडलं की माणसांची पहिली नजर माझ्यावरच पडते, म्हणून मला नटवायची हौस आजवर अनेकांना आली. त्या हौसेपायी काय काय झालं, ते तुम्हांला सांगतो.

माझा जन्म कंपनीत झाला नाही. धायरीच्या दत्तोबांनी एक जुनी काळी मोटार घेतली होती. तेव्हा धायरी पुण्यात नव्हती, पुण्याजवळ होती. शेती सांभाळून दत्तोबा ती गाडी लग्नांना भाड्यानं नेत आणि चालवायलाही स्वतःच बसत. एक दिवस तिच्या इंजिनाचं मूळचं झाकण तडकलं. ती गाडी बनणंच बंद झालेलं, नवं झाकण मिळणार कुठून? शेवटी दत्तोबा कसबा पेठेतल्या एका ओताऱ्याकडे गेले. ओताऱ्यानं तडकलेल्या झाकणावरून वाळूत साचा पाडला, मुशीत मोडके पिस्टन वितळायला घातले आणि म्हणाला, "धातू थोडा कमी पडतोय. घरात ॲल्युमिनियमचं काही मोडकंतोडकं असेल तर घेऊन या."

दत्तोबा घरी आले. चुलीशेजारी एक पातेलं पालथं पडलं होतं. बूड काळं झालेलं, काठ चेपलेला. त्यांनी ते उचललं, पिशवीत घातलं आणि ओताऱ्याला नेऊन दिलं. संध्याकाळपर्यंत त्या पातेल्याचा आणि पिस्टनचा मिळून मी झालो. थोडा खडबडीत, पण ठणठणीत.

आता ते पातेलं होतं दत्तोबांच्या पत्नीचं, तुळजाबाईंचं. लग्नात त्यांच्या आईनं दिलेलं. त्यात त्यांनी सासरी पहिला भात शिजवला होता. दत्तोबांनी ते नेताना त्यांना विचारलं नव्हतं. तसं विचारायचं असतं, हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तुळजाबाईंनी घरभर पातेलं शोधलं. मग दत्तोबांनी बॉनेट उघडून मला दाखवलं आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, "हे बघ, कसलं झॅक झालंय!"

तुळजाबाईंनी वाकून माझ्यावरून बोट फिरवलं. "माज्या आईचं पातेलं तुमी मोटारीत घातलं?" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची, गाड्यांची पूजा करायची आपली रीत तुम्हांला ठाऊक आहेच. दत्तोबांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात तुळजाबाई चिंचेचा कोळ, राख आणि काथ्या घेऊन आल्या. बॉनेट उघडायला लावलं, पदर खोचला आणि मला घासायला लागल्या.

"अगं, इंजान हाय ते!" दत्तोबा ओरडले.

"तुमचं इंजान असंल. माजं पातेलं हाय. मी घासनार." घासता घासता त्यांनी पुढचंही ऐकवलं, "येकदा तरी सोता घासून बगा, मग कळंल भांडं म्हंजे काय असतं ते."

घासून झाल्यावर त्यांनी ओल्या बोटांनी माझ्यावर हळदीकुंकवाचे पाच ठिपके लावले. मित्रांनो, त्या दिवशी मी आतून शहारलो. इंजिनाचं झाकण म्हणून माझं कौतुक पुष्कळ झालं आहे, पण मला पातेलं म्हणून ओळखणारं माणूस जगात एकच होतं.

पुढे दर खंडेनवमीला हेच चालू राहिलं. चिंच, राख, पाच ठिपके. ठिपके नेमके त्याच जागी लागायचे. गाडी निघाली की मी तापायचो आणि ते भाजून अंगात मुरायचे. होता होता तिथे पाच बारीक खळगे पडले.

मधल्या काळात मला सजवायचा पहिला प्रयोग झाला. एका लग्नात गाडी बंद पडली. दत्तोबांनी बॉनेट उघडलं, तर नवरीचा एक पुणेरी मामा वाकून म्हणाला, "वरून नवरदेव आणि आत भंगारवाला. छान!" हे दत्तोबांना फार लागलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला चंदेरी रंग फासला. चार दिवस मी झकास दिसलो. मग तेलानं आणि उष्णतेनं रंगाला पोपडे धरले, आणि उरलासुरला रंग तुळजाबाईंनी काथ्यानं उतरवला. "पातेल्याला कोन रंग देतं का?" त्या म्हणाल्या.

वर्षं गेली. लग्नांना नव्या गाड्या आल्या आणि आमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली. शेतात इमारती उभ्या राहिल्या. दत्तोबांचा मुलगा जयसिंग त्याच बांधकामाच्या धंद्यात शिरला. बॉनेटवर मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. तुळजाबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झाली आणि खंडेनवमीचं घासणं बंद पडलं. बॉनेटवरच हळदीकुंकू वाहायचं, झालं. मी अंधारात काळा पडत गेलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एके वर्षी जयसिंगला गाडीची आठवण झाली. शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यानं गाडी दुरुस्त करून घेतली, बाहेरून रंगवली. अशा प्रदर्शनात बॉनेट उघडंच ठेवतात. म्हणून मला खोलून, फडक्यात गुंडाळून तो कसबा पेठेत हुसेनभाईंकडे घेऊन आला. हुसेनभाईंचं दुकान धातूला पॉलिश, क्रोम, रंग करून देण्याचं. सोबत दत्तोबाही आले होते. ज्या पेठेत जन्मलो त्याच पेठेत मी पुन्हा आलो.

"हुसेनभाई, एकदम कायम टिकेल असं फिनिश पाहिजे," जयसिंग म्हणाला.

"कायम टिकायला हवं असेल तर गाडी चालवू नका. काचेच्या कपाटात ठेवा," हुसेनभाई म्हणाले आणि त्यांनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हे वाळूतलं ओतकाम आहे. बारीक छिद्रं आहेत. क्रोम करायचं तर आधी आरशासारखं घासायचं, मग तांबं, मग निकल, मग क्रोम. दिसेल राजासारखं. पण छिद्रांत पाणी राहतं. दोन-चार पावसाळ्यांनी फोड आले तर मला बोल लावू नका."

"मग पावडर कोटिंग?"

"ते टिकेल. आधी एकदा नुसतंच भट्टीत भाजून आतलं तेल काढू, मग पावडर मारून पुन्हा भाजू. कुठलाही रंग घ्या. उष्णता सोसेल, तेल सोसेल, फडकं मारलं की काम झालं. तिसरा मार्ग म्हणजे नुसतं बफिंग. धातूची स्वतःची चमक. पण ती माणसाच्या हातावर असते. घासत राहिलात तर राहील."

जयसिंगनं भिंतीवरचा गडद लाल नमुना निवडला. त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. "आईचे हात आता चालत नाहीत. घासत कोण बसणार? एकदाच करून टाकू."

 झाकणाला विचारतो कोण! पण लाल थराखाली तुळजाबाईंना त्यांचं पातेलं पुन्हा दिसणार नव्हतं, हे मला कळत होतं. काळा पडलो होतो तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं भय मला तेव्हा वाटलं.

दत्तोबा इतका वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत होते. "हे पाच ठिपकं ऱ्हात्याल का?"

"नाही. काहीही करा, आधी घासावं लागणारच. ठिपके जातील," हुसेनभाई म्हणाले.

दत्तोबांनी मला पुन्हा फडक्यात गुंडाळलं. "मग ऱ्हाऊ दे आज."

"आबा, आता काय झालं?"

"पातेलं तिचं हाय. मागल्या खेपंला म्या न इचारता मुशीत टाकलं. ह्या खेपंला इचारायचं."

जयसिंगनं जागेवरूनच आईला फोन लावला. पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. "फोनवर भांडं दिसतंय व्हय? मी येते."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई दुकानात आल्या. हुसेनभाईंनी खुर्ची पुसून दिली. "बसा वहिनी." त्या बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतलं, मग एकेक नमुना मागवून बोटानं वाजवून पाहिला. क्रोमच्या पट्टीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. "ह्यात मीच दिसतीया, पातेलं कुटं हाय?" त्या म्हणाल्या आणि पट्टी परत दिली. लाल नमुना हातात धरून त्यांनी विचारलं, "ह्याच्या खालचं काय दिसतं का?"

"नाही वहिनी. धातू पूर्ण झाकला जातो."

"मंग त्ये बी नगं. नुसतं घासून द्या."

"आई, ते काळं पडतं गं," जयसिंग काकुळतीला आला. "पुन्हा पुन्हा घासणार कोण?"

तुळजाबाईंनी दत्तोबांकडे नुसतं पाहिलं. "हे घासत्याल."

 दत्तोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "म्या घासतो की. पर तुजं ठिपकं जात्याल गं. इतक्या वर्साचं."

"जाऊ द्या. घरातलं कुक्कू संपलंय व्हय? पुन्यांदा लावीन."

हुसेनभाई तोंड फिरवून हसले. त्यांनी दोन दिवस खपून मला असं लखलखीत केलं की ओतारी असता तर त्यानंही ओळखलं नसतं. देताना दत्तोबांना बजावलं, "चिंच नको, राख तर नकोच. मऊ फडकं आणि धातूचं पॉलिश. कुंकू लावलंत तर ओलं राहू देऊ नका, पुसून घ्या. आणि हात चालवा."

प्रदर्शनात आमच्या गाडीला बक्षीस मिळालं नाही. शेजारची गाडी क्रोमनं मढलेली होती, गर्दी तिच्याभोवती होती. पण एक गृहस्थ माझ्यावर वाकले आणि जयसिंगला विचारू लागले, "हे कुठून करून घेतलंत?"

"बफिंग कसबा पेठेत. पुढचं आमचे आबा करतात," जयसिंग म्हणाला. त्याच्या बोलण्यात ऐट होती, मी नीट ऐकली.

मित्रांनो, टिकाऊ लेप पुष्कळ आहेत आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा निवडावा. लाल झालो असतो तरी मी तेल अडवलंच असतं. माझं मागणं वेगळं आहे. घरातली एखादी जुनी वस्तू उचलून टाकण्याआधी, वितळवण्याआधी किंवा रंगवण्याआधी ती कुणाची आहे ते बघा आणि त्या माणसाला विचारा. विचारायला काही लागत नाही.

परवाच खंडेनवमी झाली. अंगणात गाडी उभी होती, बॉनेट उघडं. दत्तोबा स्टुलावर बसून मला घासत होते आणि तुळजाबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या.

"कोपरा ऱ्हायला."

"दिसतोय मला."

"दिसतोय तर घासा की."

कोपरा झाला. तुळजाबाई जयसिंगच्या आधारानं उठल्या आणि वाकड्या बोटांनी त्यांनी माझ्यावर पाच ठिपके लावले. जुन्या जागा आता नव्हत्या, म्हणून जरा वेडेवाकडेच लागले. आरती झाली. हुसेनभाईंची सूचना दत्तोबांच्या ध्यानात होती, की ओलं कुंकू धातूवर राहू द्यायचं नाही. त्यांनी फडकं उचललं, माझ्याजवळ आणलं आणि थांबले. तुळजाबाईंकडे वळून म्हणाले,

"पुसू का?"

तुळजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज त्यांच्या कानावर आलं होतं.

"ऱ्हाऊ द्या आजच्या दिस," त्या म्हणाल्या.