अंबाड्यातले आकडे

शारंगपाणीची शपथ गोदे, यातला शब्दन् शब्द खरा! खोटं निघालं तर जीभ झडू दे माझी.

तुझ्या आजोबांची, ताताची काळी गाडी अशी खडखडायची की चोळपुरमला दुधाची घागर आत ठेवली नि कुंभकोणात उतरवली तर वर लोणी! तिरुनागेश्वरम्‌ला भटजी धावत बाहेर आले, मिरवणूक आली म्हणून.

हसतेस? तुझी आईपण अशीच हसायची.

शहाऐंशी साली तंजावरला तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. तू तेव्हा रांगायचीस. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. का म्हणाले ते मला कळलं, ताताला कळूनही कळलं नाही. अलमेलूला आवाज सोसेना. चमचा पडला तरी कळवळायची.

"अप्पा, घरी न्या मला," म्हणाली. "पण तुमचा तो खुळखुळा नको, डोकं फुटेल."

दुसरी गाडी करा म्हटलं, तर ताता ऐकेनात. "माझ्या पोरीला मीच आणणार."

गाडीच्या दारांना आतून रेक्झिन चढवलेल्या फळ्या होत्या. त्या धरणाऱ्या क्लिपा गंजून तुटलेल्या. खडखड सगळी तिथली. दुकानदार म्हणाला, मद्रासहून यायला महिना लागेल. महिना कुणाकडे होता?

ताता पितळेची तार वाकवत बसले. आपलं कुंभकोण भांड्यांचं गाव, पितळेला काय तोटा! पण पितळ मऊ, पहिल्याच खड्ड्याला सुटली. मग माझ्या अंबाड्याकडे बघून म्हणाले, "अगं, तो आकडा दे बघू."

पक्कडीनं त्याचे पाय फाकवले, क्लिपेच्या भोकात दाबला. खट्ट! ओढला तरी येईना.

"तुझ्यासारखाच आहे, चिवट," म्हणाले. "आण आणखी."

एकेक करत सगळा अंबाडा सुटला. तेवढ्यात शेजारची जयलक्ष्मी काफीपूड मागायला आली नि दारातच थबकली. "हे काय मामी, दिवेलागणीला केस मोकळे? घरात कुणी गेल्यासारखं?"

"गाडीला अंबाडा घालतोय," मी म्हटलं. ती हसली नाही. मीही नाही.

तंजावरहून निघालो तेव्हाही केस मोकळेच. अलमेलूचं डोकं माझ्या मांडीवर. अय्यमपेट्टैचे खड्डे आले, गाडी गप्प. पापनाशम गेल्यावर ती माझ्या कानाशी पुटपुटली. पुढं बसलेल्या ताताला ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "अहो, विचारतेय, गाडी थांबली का?"

ताता इतके हसले! डोळे पुसत म्हणाले, "सांग तिला, चालतेय म्हणावं."

घरी आणून खाली घेतलं, तेव्हा ती गेलेली होती. ताता शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे, माझ्या पोरीला गाडी थांबल्यासारखी वाटली.

रडू नको गं कण्णा. बरं, ऐक. कानाशी कुणी काही बोललं नव्हतं. पापनाशमच्या आधीच ती थंड पडली होती, नि ताता पुढून सारखे विचारत होते, "आवाजाचा त्रास होत नाही ना तिला?"

तेवढं एक मी मनचं घातलं.

लोणी मात्र खरं.