एकोणीस मोसम, शून्य गोल

गुरुवारी दुपारी बाबांचा फोन आला.

"बाय, आज माझो फोटो आसा. गोलकीपरचो."

दर सप्टेंबरात, मोसम सुरू होण्याआधी, क्लबच्या आइस हॉकी संघाचा फोटो देशाच्या हॉकी संघटनेकडे पाठवावा लागे. त्या दिवशी बाबा पायांना उशीएवढे पॅड बांधत, छातीवर कवच चढवत, तोंडावर जाळीचा मुखवटा घेत आणि अफताबच्या खांद्याचा आधार घेऊन बर्फावर उभे राहत. स्केट्सवर त्यांना एकट्याने उभंच राहता येत नसे.

"पडू नका हां," मी म्हटलं.

"मी पडतलंय कसो? माका पाठसून जाळयेक बांधून ठेवल्यानी हा."

"उद्या जेवायला या. सासूबाई आल्यात पुण्याहून."

"येतंय. पण त्येंनी हॉकीचा काय विचारल्यानी तर?"

"काहीतरी सांगा ना, बाबा. दर वेळी सांगता तसं."

"बरां," ते म्हणाले.

माझे वडील, शत्रुघ्न परब, कुवेतमधले बहुधा सर्वांत दीर्घ कारकिर्दीचे व्यावसायिक आइस हॉकीपटू होते. एकोणीस मोसम ते एकाच क्लबशी एकनिष्ठ राहिले. त्यांच्याविरुद्ध एकही गोल झाला नाही. एकाही सामन्यात ते उतरले नाहीत हे खरं, पण विक्रम तो विक्रम.

ते आले होते रेफ्रिजरेशन मेकॅनिक म्हणून. देवगडला मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेला माणूस, क्लबला हवा होता तसाच. पण त्या वर्षी क्लबला मिळालेल्या व्हिशांपैकी मेकॅनिकांच्या जागा भरल्या होत्या. खेळाडूंच्या दोन मात्र रिकाम्या होत्या, कारण थंड देशांतून आणलेले दोन धिप्पाड बचावपटू इथला उन्हाळा बघून पळून गेले होते. क्लबचा मंदूब तौफीक, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, त्याने बाबांकडे खालून वर पाहिलं. उंची पाच फूट तीन इंच. वय एकोणचाळीस. "गोलकीपर लिखता हूँ," तो म्हणाला. "उसको भागना नहीं पड़ता."

दुसऱ्या जागेवर पुढे रत्नागिरीचा अफताब आला. तो कागदोपत्री बचावपटू आहे. प्रत्यक्षात तो बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवतो.

बाहेर पन्नास अंश असताना आत उणे पाच राखायचं, ही बाबांची खरी नोकरी. कॉम्प्रेसरच्या आवाजात जरा खरखर आली की ते जेवण टाकून उठायचे. बर्फावर तळहात ठेवून तो कुठे ठिसूळ झालाय ते सांगायचे. गरम पाण्याचे पातळ थर एकावर एक देत गेलं की बर्फ काचेसारखा धरतो, हे त्यांनी मला एकदा मोठ्या उत्साहाने समजावलं होतं. मी पुस्तक वाचत होते. मी "हं" म्हटलं.

आणि आता माझा भाग. लग्नाच्या वेळी माझा बायोडेटा मीच टाइप केला. 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपाशी थांबले. बाबांच्या बताक्याची, तिथल्या ओळखपत्राची, झेरॉक्स समोर होती. त्यावरचं तसंच्या तसं उतरवलं : व्यावसायिक आइस हॉकीपटू, कुवेत. सरकारमान्य खोटं होतं, त्यामुळे मी सरळ पुढच्या ओळीकडे वळले.

पुण्याच्या स्थळाला ते फार आवडलं. शैलेशला, माझ्या नवऱ्याला, मी लग्नानंतर खरं सांगितलं. त्याला ते गमतीचं वाटलं आणि मला त्याचं तसं वाटणं सोयीचं. सासूबाईंना, अर्चनाबाईंना, कुणीच सांगितलं नाही. शैलेशची नोकरीही कुवेतमध्येच. आम्ही सलवा भागात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणि बाबा तिकडे रिग्गई भागात एका खोलीत पाच जण. सासूबाईंनी विचारलं, "व्याही तुमच्याकडे का नाही राहात?" मी म्हटलं, "त्यांना संघाबरोबर राहावं लागतं." संघ म्हणजे अफताब, दोन सुतार आणि एक प्लंबर.

जेवताना त्या विचारायच्या, "पण व्याही, तो चेंडू एवढ्या जोरात येतो, तो अडवता कसा हो?"

बाबा घास खाली ठेवायचे आणि जपून शुद्ध बोलायचे. "काय नाही, विहीणबाई. जागचं हलायचं नाही."

मी भाजी वाढत असायचे.

शुक्रवारी ते जेवायला आले नाहीत. सकाळी कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसलेले अफताबला सापडले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मशीन चालू होतं.

शवपेटी मायदेशी न्यायची तर कागदांवर व्यवसाय लागतो. भारतीय वकिलातीतला कारकून बताका बघून उठूनच उभा राहिला.

"अरे मॅडम, प्लेयर थे? इंडिया के लिए खेले?"

"नहीं."

"इंडिया का ही नुकसान," तो कळवळून म्हणाला आणि शिक्का मारला.

रविवारी दुपारी क्लबने रिंकवर शोकसभा ठेवली. गोलच्या जाळीला पांढरी फुलं बांधली होती. बाबांच्या नावावरची तीस नंबरची जर्सी इस्त्री करून आणली होती, पेटीवर घालण्यासाठी. ती सहा फुटी माणसाच्या मापाची होती. संघटनेची माणसं पहिल्या रांगेत बसली. त्यांच्यामागे शैलेश, सासूबाई आणि महाराष्ट्र मंडळातले चारसहा जण. खोलीवरची माणसं दाराशी उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि ती आपण होऊन बसणार नव्हती.

क्लबचा मॅनेजर अहमद चार वर्षांपूर्वी आलेला. महिन्यातून दोनदा वरच्या केबिनमध्ये यायचा, आणि त्याने कागद प्रामाणिकपणे वाचले होते. तो माइकपाशी उभा राहिला. "असा निष्ठावान खेळाडू मी पाहिला नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "सामना नसला तरी यायचा. स्वतःच्या हाताने बर्फ साफ करायचा. मशीनला तेल घालायचा. आजची पोरं करतील?"

पहिल्या रांगेने माना हलवल्या. मंडळातल्या कुणीतरी "वा" म्हटलं.

तौफीक माझ्या कानाशी वाकला. "बेटी, दो शब्द बोल देना. लेकिन प्लेयर ही बोलना. अफताब अभी लिस्ट में है."

मी दाराकडे पाहिलं. अफताब पुढे आला. "तू बोल गो," तो हळूच म्हणाला. "माझी फिकीर करू नकोस. चाचा तुझ्याबद्दल कायम चांगलाच बोलले."

त्याचं ते वाक्य मला नको होतं.

मी माइकपाशी गेले. इंग्रजीत खरं बोलले असते तर अफताबची नोकरी गेली असती. हिंदीतही तेच. आणि खरं सांगायचं तर मी संघटनेशी कधी खोटं बोललेच नव्हते. जिच्याशी बोलले होते ती दुसऱ्या रांगेत रुमाल घेऊन बसली होती. मी मराठीत सुरुवात केली. अहमदने आदराने डोळे मिटले.

"आई," मी सासूबाईंना म्हटलं, "माझे बाबा एक दिवसही हॉकी खेळले नाहीत. ते मेकॅनिक होते. आपल्या पायाखाली हा बर्फ आहे, तो त्यांनी केलाय. ते रिग्गईत पाच जणांत राहायचे, आणि तुम्हाला ते कळू नये म्हणून मी तुम्हाला तिकडे कधी नेलं नाही. तुम्ही जेवताना विचारायचात तेव्हा ते खोटं सांगायचे, कारण मी सांगायला लावलं होतं. गुरुवारीसुद्धा लावलं. कागदावर खेळाडू ते पोटासाठी झाले. आपल्या घरात मी केलं त्यांना."

सासूबाईंचा रुमाल मांडीवर पडला. पहिल्या रांगेत संघटनेचा एक म्हातारा अधिकारी टाळ्या वाजवू लागला. मी त्याचं संपेपर्यंत थांबले, आणि मग फुलं बांधलेल्या त्या जाळीकडे वळले.

"बाबा, मला तुमची लाज वाटायची."