सायलीच्या तोंडचे निरोप

पाचोडचे तात्यासाहेब आणि नानासाहेब हे सख्खे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरची बाभूळ कोणी तोडली, एवढाच वाद. पण शेजारी राहायचं म्हटल्यावर निरोप तर द्यावेच लागतात. ते काम तात्यांच्या नातीकडं, नऊ वर्षांच्या सायलीकडं आलं होतं. दोघं एकाच ओट्यावर बसायचे, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकायचे, आणि सायलीनं तो पुन्हा सांगेपर्यंत काही ऐकलंच नाही असं तोंड करायचे.

तिच्या बाबांनी, शिवराजनं, कोकणात समुद्राकाठी तंबूत राहायचा बेत केला. दोघा म्हाताऱ्यांना, दुसरा येणार नाही, असं सांगितलं. आधी तात्यांना जीपमध्ये बसवलं, मग फाट्यावरून नानांना उचललं. चारचौघांदेखत उतरायचं कसं, म्हणून दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत कोकणात पोचले.

जागा मोठी छान होती. सुरूच्या झाडांखाली चार तंबू, एक चूल, आणि वाळू उतरून गेलं की समुद्र. सायलीनं एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. पण जागेच्या मालकीण आशाबाईंचा नियम कडक होता. लहान पोरानं पाण्यात जायचं तर दोन्ही हात दोन पोहणाऱ्या माणसांनी धरलेले पाहिजेत. आईबाबांना पोहता येत नव्हतं. विहिरीत पोहायला शिकलेले दोघंच होते, आणि ते दोघं एका पाण्यात उतरायला तयार नव्हते. उद्या सकाळी तर परत निघायचं होतं.

सायलीनं थोडा विचार केला आणि दोघांच्या मधोमध वाळूत बसली.

तात्या म्हणाले, "सांग त्याला, पाण्यात जायचं तर जा म्हणावं, मी नाय येत. याच्या संगतीला मगरसुद्धा थांबायची नाय."

सायली नानांकडं वळली. "तात्याआबा म्हणत्यात, तुमच्यासारखं पोहणारं पाचोडात कुणी नाय."

नानांनी खरं काय ते ऐकलंच होतं. पण ऐकलं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मिशी चोळली आणि तात्या म्हाताऱ्या म्हशीसारखे नुसते डुंबतात, असा निरोप दिला.

"नानाआबा म्हणत्यात, भ्या वाटत असंल तर राहू द्या, मी एकटाच बघतो पोरीला."

"हे असं म्हटला तो?" तात्या ताडकन उठले. तसं तो म्हटला नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं, पण ते सांगणार कुणाला? त्यांनी धोतराचा काचा मारला. नानाही उठले. भाऊ एकटा गेला असता तर गावात काय तोंड दाखवलं असतं!

कंबरभर पाण्यात तिघं उभे राहिले, मधे सायली. नानांची पाठ समुद्राकडं होती. तेवढ्यात तात्यांना लांबून एक उंच लाट दिसली.

"सांग त्याला, मागून मोठी लाट यायलीय."

सायलीनं पटकन वाकून तोंडभर पाणी घेतलं. ते इतकं खारट होतं, की तिचे डोळे पाणावले. पण गाल टम्म फुगवून ती तशीच उभी राहिली.

"अगं, सांग की."

सायलीनं फुगलेले गाल त्यांच्यापुढं केले. लाट जवळ आली. तात्यांनी भावाकडं पाहिलं, लाटेकडं पाहिलं.

"नाना, माघारी बघ रं!"

नाना वळले, तोवर लाटेनं त्यांना डोक्यापर्यंत भिजवलं होतं. हात मात्र कुणी सोडला नाही. नाकातोंडातलं पाणी काढत नाना थेट भावावरच तडकले, "एवढ्या उशिरा सांगत असत्यात व्हय, तात्या?"

सायलीनं तोंडातलं पाणी लांब थुंकलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "तात्याआबा, काय सांगू त्यांना?"

"तू गप," दोघं एकदमच म्हणाले.