सहाव्या रेघेवरची लाल चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, विजेवर चालणारी. जुनी गाडी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर धूर, खडखडाट आणि मागून धक्का मारणारी चार माणसं येत असतील. माझ्याकडे यातलं काही नाही. धूर मी जन्मात सोडला नाही, आणि आवाजाचं म्हणाल तर माझ्यापेक्षा शिलाई मशीन जास्त बोलतं. तरीही एके काळी मला कुणी विचारत नव्हतं. आज मात्र मी आले की शाळेतली मुलं कुंपणाच्या भिंतीवर चढून बसतात. हे कसं झालं ते सांगते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका कामगार बाईनं माझ्या पोटाखाली भलीमोठी बॅटरी बसवली, शेवटचा बोल्ट आवळला आणि मला थोपटून म्हणाली, "जा गं, नाव काढ." पाठवणीच्या वेळी एवढंच बोलणं झालं, पण ते मी विसरले नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. माझी किंमत तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे करील अशी होती, आणि ती ऐकवायला डॉक्टरांना फार आवडायचं. त्याहून आवडायचं ते मला पळवायला. आमच्या जातीचा जोर म्हणजे पाय ठेवला की लगेच मिळणारा. इंजिन तापण्याची, गिअर चढण्याची वाट बघावी लागत नाही. सिग्नलचा दिवा हिरवा झाला की मी अशी सुटायचे की मागे बसलेल्या पाहुण्यांच्या हातातलं आइस्क्रीम त्यांच्या नाकाला लागायचं. डॉक्टर खूश, मी त्यांच्याहून खूश. कौतुकानं माझं डोकं जरा चढलं होतं, हे कबूल करते.

पण कौतुक करणारा माणूस काळजी घेईलच असं नाही. डॉक्टर मला शेवटच्या थेंबापर्यंत पळवायचे आणि तशीच रिकाम्या पोटी दोन दोन दिवस उन्हात उभी करायचे. सहा वर्षांत माझी बॅटरी खंगली. पूर्वी एका दमात मी दीडशे किलोमीटर जायचे, ती नव्वदवर आले. माझा जोर होता तसाच होता, कमी झाला होता तो दम. मग बाजारात नवं मॉडेल आलं आणि डॉक्टरांनी मला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे नेऊन सोडलं. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या व्यापाऱ्याच्या आवारात मी अकरा महिने काढले. गिऱ्हाईक यायचं, माझा चकचकीत रंग बघून हरखायचं, बॅटरीचं ऐकलं की काढता पाय घ्यायचं. किंमत उतरत उतरत एका बऱ्यापैकी स्कूटरच्या जवळ आली. शेजारची पेट्रोलची गाडी मला म्हणायची, "बाई गं, तुझं नाव मोठं आणि लक्षण खोटं." मी ऐकून घ्यायचे. दुसरं करणार काय?

एके सकाळी दोन माणसं आली. एक चष्मे करणारी बाई आणि तिचे सासरे. बाईचा नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून घरात ही दोघंच. ती त्यांना मामंजी म्हणायची. मीही मनातल्या मनात तेच म्हणते. मामंजींनी चाळीस वर्षं मालट्रक चालवला होता. त्यांनी येताच हुकूम सोडला, "इंजिन दाखवा." व्यापाऱ्यानं माझं बॉनेट उघडलं. मामंजी वाकून बघतात तर आत एक झाकण लावलेला डबा.

"अहो, इंजिन चोरीला गेलंय की हिचं!" ते ओरडले.

बाई हसली. तिनं एकच प्रश्न विचारला, "पूर्ण भरल्यावर किती जाते?"

"नव्वद," व्यापारी खाली मान घालून म्हणाला.

"मला जाऊन येऊन शहात्तर लागतात," बाई म्हणाली आणि माझ्या दारावरून हात फिरवला. अकरा महिन्यांत धूळ पुसायलासुद्धा कुणी असा हात फिरवला नव्हता.

शहात्तर कशाला, तेही सांगते. बाईचं दुकान खाली गावात होतं. तिथून अडतीस किलोमीटरवर, घाट चढून गेलं की एक वस्ती आणि तिची शाळा. सव्वीस किलोमीटर सरळ रस्ता, पुढे बारा किलोमीटर नुसता चढ. वरच्या मुलांचे डोळे तपासायला बाई एकदा भाड्याच्या जीपनं जाऊन आली होती. जीपवाल्यानं एवढं भाडं घेतलं की सतरा चष्म्यांची मजुरी त्यातच गेली. बस होती, पण ती आठवड्यातून एकदा, आणि काचांची पेटी तिच्या टपावर टाकायची म्हणजे काचांना रामराम. वर जायला स्वस्त गाडी मिळाली, तरच बाईला दर महिन्याला ही फेरी करता येणार होती. नाहीतर वरच्या मुलांनी फळ्याकडे डोळे बारीक करून बघत बसायचं. मला घेताना अर्धे पैसे मामंजींनी त्यांच्या साठवणीतले घातले, आणि एक अटही घातली.

"सूनबाई, गाडी तुझी. पण रस्त्यावर मी सांगेन ते ऐकायचं."

मामंजींचे नियम दोन. पहिला : अर्धं तेल संपलं की मागे फिरायचं. पंप नसलेल्या रस्त्यांवर या नियमानं त्यांना चाळीस वर्षं सुखरूप घरी आणलं होतं. माझ्या पडद्यावर बॅटरीच्या बारा हिरव्या रेघा दिसतात. मामंजींनी पहिल्याच दिवशी सहाव्या रेघेशी लाल चिकटपट्टीचा तुकडा डकवला. दुसरा नियम : उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची. "उतार म्हणजे फुकटचा रस्ता," ते म्हणायचे. "तिथं तेल जाळतो तो वेडा."

मित्रांनो, माणूस भला, अनुभव दांडगा, पण मी काही ट्रक नव्हे! चढावर मला खूप खावं लागतं, तेवढं उतारावर लागत नाही. उलट उतारावर तुम्ही मला गिअरमध्ये ठेवलंत, तर माझी चाकं फिरता फिरता वीज तयार करतात आणि ती बॅटरीत परत भरतात. न्यूट्रलला टाकलंत की ते सगळं बंद. वर माझे ब्रेक बिचारे एकटेच वजन पेलून तापून निघतात. पण हे मी सांगणार कुणाला? मला हॉर्न आहे, तोंड नाही.

पहिल्या फेरीला मागच्या सीटवर सतरा चष्म्यांचे सतरा डबे होते, प्रत्येकावर मुलाचं नाव. सरळ रस्ता मी मजेत कापला. चढ लागला तरी धाप नाही की कुरकुर नाही. एका भरल्या जीपला मागे टाकून मी वर निघाले. मामंजी मिशीत हसले. पण अर्ध्या घाटात, पांढऱ्या दगडाच्या वळणावर, सातवी रेघ विझली.

"अर्धं संपलं," मामंजी म्हणाले. "फिरव."

"मामंजी, सहाच किलोमीटर राहिलेत."

"नियम म्हणजे नियम. वर वीज भरायची सोय नाही. शाळेत पंखा लावला तरी फ्यूज उडतो, तूच सांगत होतीस."

बाईनं मला वळवलं. न्यूट्रलला टाकलं. सतरा डबे आले तसे परत गेले.

पुढच्या सोमवारी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. तो गाडीतल्या स्पीकरवर लागल्यामुळे मीही ऐकला. "ताई, पुढच्या सोमवारपासून परीक्षा आहेत. पहिल्या बाकावरची एक मुलगी अजून शेजारणीच्या वहीतून बघून लिहिते. गणित तिला येतं हो, फळा दिसत नाही. या शुक्रवारपर्यंत याल का?"

मंगळवारी आम्ही पुन्हा निघालो आणि पुन्हा त्याच वळणावर सातवी रेघ विझली. मामंजी कडाडले नाहीत. उलट त्यांचा आवाज मऊ झाला. "सूनबाई, ही गाडी आपल्या कामाची नाही. जरा सपाटीवरचं गिऱ्हाईक बघून विकून टाकू." बाईनं आरशातून मागच्या डब्यांकडे पाहिलं. तिनं मला वळवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरात ती मला न्यूट्रलला टाकायचंच विसरली. मामंजींनी वाईट वाटून डोळे मिटले होते ते मिटलेलेच राहिले, आणि दोन वळणांत ते घोरायला लागले.

काय सांगू मित्रांनो! कित्येक दिवसांनी चाकांतून वीज पोटात यायला लागली. उपाशी माणसापुढं ताट यावं तसं मला झालं. घाट संपायच्या आत सातवी रेघ पुन्हा पेटली.

बाईनं गाडी बाजूला घेतली. "मामंजी, उठा. रेघा मोजा."

मामंजींनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग शांतपणे म्हणाले, "मीटर बिघडलंय. चाळीस वर्षांत टाकीतलं तेल वाढलेलं मी पाहिलं नाही."

"किंवा तुमचा नंबर वाढलाय," बाई म्हणाली.

दुकानात गेल्या गेल्या तिनं सासऱ्यांना खुर्चीत बसवलं. दुकानाचं दार सताड उघडं, मी समोर उभी. सगळं मला दिसत होतं. मामंजींनी तक्त्यावरची अक्षरं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"डोळे ठणठणीत आहेत," बाई म्हणाली. "आता उद्या घाटात असंच वाचायचं. मी विचारीन, तुम्ही मोठ्यानं सांगायचं. मी न्यूट्रल करणार नाही."

बुधवारी आम्ही डबे न घेता गेलो. पांढऱ्या दगडापर्यंत चढलो आणि परत फिरलो. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाशी बाई विचारायची, "वाचा." आणि मामंजी तपासणीच्या खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसून सांगायचे, "सहा." पुढच्या दगडाशी, "सहा." मग बराच वेळ, "सहाच आहेत गं." आणि घाटाच्या पायथ्याशी, अगदी बारीक आवाजात, "सात." घरी पोचल्यावर मामंजी उतरले. माझं दार मात्र नेहमीसारखं आपटलं नाही, हळूच लावलं.

शुक्रवार उजाडला. सतरा डबे, काचांची पेटी, बाई, मामंजी आणि मी. पांढऱ्या दगडाच्या वळणावर सातवी रेघ विझली. "अर्धं संपलं," मामंजी सवयीनं म्हणाले. बाईनं सवयीनं वेग कमी केला.

"थांबतेस कशाला?" मामंजी म्हणाले. "चल पुढे!"

मी जी निघाले! ते सहा किलोमीटर म्हणजे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वाट. डॉक्टरांच्या सिग्नलवर सुटण्यात ती गंमत नव्हती. शाळेच्या आवारात शिरले तेव्हा माझ्या चार रेघा उरल्या होत्या आणि खाली आकडा होता : पंधरा किलोमीटर पुरेल. घर अडतीस किलोमीटरवर. मामंजींनी तो आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वेडा आकडा तो. चढावर मी जशी खात आले तशीच पुढेही खाणार, असं धरून चालतो. उताराचं त्याला कोण सांगणार?

आत बाईनं एकेक नाव पुकारून एकेक चष्मा नाकावर बसवला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं चष्मा लावला, फळ्याकडे पाहिलं आणि मुख्याध्यापिकांना ठसक्यात म्हणाली, "बाई, तिसऱ्या गणितात हातचा राहिलाय तुमचा." मुख्याध्यापिका हसता हसता खुर्चीत बसल्या. एवढा हशा त्या वर्गात त्याआधी झाला नसेल.

परत निघालो तेव्हा मामंजींचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता. "वाचा," बाई म्हणाली. "चार." वळण गेलं. "चार." वळणं घेत घेत रस्ता शाळेच्या बरोबर खाली आला. "चारच गं, सूनबाई…" आणि मग त्यांनी काच खाली केली, अर्धे बाहेर आले आणि समोरच्या डोंगराला ऐकू जाईल असे ओरडले, "पाच! पाच झाल्या!"

वरून उत्तर आलं. शाळेच्या भिंतीवर सतरा मुलं उभी होती आणि खालच्या वळणावर गेलेल्या माझ्या पाटीवरचा नंबर एका सुरात वाचत होती. एकही अक्षर चुकलं नाही. त्या कामगार बाईनं सांगितलं होतं ना, नाव काढ म्हणून? त्या दिवशी ते असं निघालं.

घरी पोचले तेव्हा दोन रेघा शिल्लक होत्या. मला विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दर महिन्याला आम्ही वर जातो. मामंजी मला सावलीत उभी करतात, उपाशी ठेवत नाहीत, आणि भेटेल त्या ट्रकवाल्याला थांबवून उतारावरची वीज समजावून सांगतात. जणू तिचा शोध त्यांनीच लावला.

मित्रांनो, तुमच्या घरीही दम कमी झालेलं कुणी असेल : एखादं यंत्र, एखादं जनावर, एखादं माणूस. त्याला उन्हात टाकू नका, आणि चढावर त्याची धाप बघून त्याची किंमत ठरवू नका. त्याच्या वाटेत उतार कुठे आहे, तेवढं शोधा.

लाल चिकटपट्टी अजून सहाव्या रेघेशीच आहे. बाईनं एकदा ती काढायला नख लावलं, तेव्हा मामंजींनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तिथं आलो की कळतं, आता शाळा जवळ आली."