थोरली आल्याशिवाय

"वहिनी, बस की गाडीत! दूधवाला थांबलाय बघ," गुडघा चोळत फिर्मिनोने पुन्हा विनवलं.

"तुम्ही बसा भावजी. क्रूस गाडीत बसत नाही." ओनोरिनाने खांद्यावरचा दांडा सावरला आणि ती चालू लागली. दूधवाल्याने खांदे उडवले, गाडी वळणाआड गेली. फिर्मिनो मागून लंगडत आला.

"भाऊ गेला, पण हट्ट तुझ्याकडे ठेवून गेला," तो पुटपुटला.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी खोऱ्यातल्या सगळ्या चर्चचे क्रूस माथ्यावरच्या जुन्या चर्चला भेटायला जातात, लेकी माहेरी जाव्यात तसे. पाद्री गावाचं नाव पुकारतो, त्या गावाचा क्रूस पुढे येऊन वाकतो, आईच्या क्रुसाला टेकतो आणि घंटेचा एक टोला पडतो. व्हालसेकाचं चर्च लेकींमध्ये सगळ्यांत थोरलं, म्हणून पहिलं नाव त्याचं. गावात आता सहाच चुली पेटतात. क्रूस वाहणारा एत्तोरे, ओनोरिनाचा नवरा, दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. गेल्या वर्षी नाव पुकारलं तेव्हा कोणी ओ दिली नव्हती. लागोपाठ दोनदा चुकलेल्या गावाचं नाव पुन्हा पुकारत नाहीत.

म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी ती निघाली होती. पहाटे निघूनही उशीर झाला. जुनी पायवाट दरडीखाली गेलेली, आणि दूरच्या वाटेने येता येता ऊन डोक्यावर आलं.

शेवटचा चढ उरला होता. वरून आवाज आला, "व्हालसेका!"

तिने ओरडायला तोंड उघडलं, पण छातीत श्वासच उरला नव्हता. दुसऱ्यांदा नाव आलं. तिसऱ्यांदा आलं. मग शांतता. ओनोरिना दगडावर बसली. फिर्मिनोने टोपी काढून हातात धरली.

"प्रादोल्चे!" वरून पुढचं नाव आलं.

आता टोला पडेल म्हणून तिने डोळे मिटले. टोला पडला नाही.

"प्रादोल्चे!" आवाज चिडका झाला होता. तरी घंटा गप्प.

"बहिरे झाले की काय मेले?" फिर्मिनो म्हणाला.

ओनोरिना दांड्याचा आधार घेऊन उठली. "चला भावजी."

चढ संपला आणि तिचे पाय जागीच थांबले. हजार वर्षांच्या करड्या भिंतींपुढे चाळीस क्रूस उभे होते, त्या वर्षीच्या नववधूंनी बांधलेल्या रंगीत फितींनी झाकलेले. माणसं दाटीने उभी, पण चकार शब्द नाही. फक्त फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. सगळ्यांची तोंडं पायवाटेकडे होती. कागद धरलेला तरुण पाद्री लालबुंद झाला होता आणि त्याच्यापुढे प्रादोल्चेचा क्रूस घेऊन धिप्पाड उल्देरिको पाय रोवून उभा होता. याच गावाने व्हालसेकावाल्यांची पिढ्यान्‌पिढ्या टिंगल केलेली.

"फादर, तुम्ही खुशाल पुकारा," तो म्हणत होता. "थोरली आल्याशिवाय धाकटी पुढे जात नसते." मग त्याला ओनोरिना दिसली. "आलीस का म्हातारे? डोकी भाजली आमची! शेळ्यांचा निरोप घेत बसली होतीस?"

"तुझ्या गावावरून यावं लागलं ना," ती धापा टाकत म्हणाली. "नाक धरून चालायला वेळ लागतो."

माळभर हसू फुटलं. सगळ्यांत मोठ्याने उल्देरिकोच हसला, आणि बाजूला झाला.

पाद्रीने कागदात पाहिलं नाही. "व्हालसेका," तो हळू म्हणाला.

"आलो," ओनोरिना म्हणाली.

क्रूस वाकवताना तिचे दंड थरथरले. दुसऱ्या गावच्या माणसाने हात लावायचा नसतो. कोणी लावला नाही. फिर्मिनोने खालून दांडा धरला. चांदीला चांदी टेकली. वाटीवर चमचा लागावा एवढाच आवाज झाला, आणि मग घंटेचा टोला पडला. तो पायांखालच्या खडकातून तिला जाणवला.

पन्नास वर्षं तिने हा सोहळा बायकांच्या घोळक्यातून, पुढच्यांच्या पाठी बघत पाहिला होता. आता ती वळली, तर चाळीसही क्रूस तिच्याकडे तोंड करून उभे, मागे बर्फाची शिखरं, आणि उन्हात सगळं इतकं लखलखत होतं की तिला बघवेना आणि नजर काढवेना. एत्तोरे दरवर्षी इथेच उभा राहत होता. आणि घरी येऊन काय म्हणायचा? ऊन फार होतं, म्हणायचा.

"प्रादोल्चे!" पाद्रीने पुकारलं.